मुलांच्या स्पर्धा मुलांच्याच हातात राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की आपल्या जिल्हा पानावर किल्लेबांधणी स्पर्धांच्या बातम्या सुरू होतात. त्याआधी गल्लोगल्ली मंडळांच्या बैठका होतात, वर्गणी ठरते, बक्षिसं ठरतात, पाहुणे ठरतात. नियम मात्र कुणी ठरवत नाही. मागच्या वर्षीचा कागद काढून तारीख तेवढी बदलतात. या बैठका व्हायच्या आत माझं पत्र छापलंत तर उपकार होतील, कारण मला जे सांगायचं आहे ते नियमांबद्दलच आहे.

मी आयटीआयमध्ये जोडारी (फिटर) व्यवसायाचा शिल्पनिदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो. नोकरीभर कानस कशी धरायची हेच शिकवलं. निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाचा बालविभाग माझ्याकडे आला. तिसरीपासून नववीपर्यंतची मुलंमुली. त्यांच्यासाठी आम्ही वर्षभरात गाड्यांच्या शर्यती, कागदी पुलांची स्पर्धा आणि दिवाळीत किल्ले असं काही ना काही करत असतो.

गेल्या दिवाळीत आमची मुलं जिल्ह्यातल्या एका मोठ्या किल्ला स्पर्धेत उतरली होती. पहिला आलेला किल्ला सिमेंटचा होता. बुरुजांना स्प्रेचा रंग, तळ्यात मोटार लावून उडवलेलं कारंजं, दिव्यांची माळ. परीक्षकांनी त्या मुलाला विचारलं, 'बाळ, गडावर पाणी कुठून यायचं?' तो वडिलांकडे बघायला लागला. वडिलांनी उत्तर दिलं, आणि परीक्षकांनी ते लिहूनही घेतलं. आमच्या मुलांनी विटांचे तुकडे रचून, वर गोणपाट टाकून, त्यावर कालवलेली माती लिंपून वसंतगड केला होता. उतारावर हळीव आणि मोहरी पेरली होती, ती चांगली तरारून आली होती. त्यांना उत्तेजनार्थही मिळालं नाही, त्याचं मला फारसं काही नाही. मला वाईट वाटलं ते त्या पहिल्या आलेल्या मुलाचं. चार दिवस त्याच्या अंगणात किल्ला उभा राहत होता आणि त्याच्या बोटांना माती लागली नव्हती.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत 'सोप बॉक्स डर्बी' नावाची मुलांची जुनी शर्यत आहे. मुलं स्वतः बांधलेल्या, इंजिन नसलेल्या गाडीत बसून उतारावरून येतात. १९३४ साली ओहायोतल्या डेटन शहरात ती राष्ट्रीय पातळीवर सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅक्रनला गेली. तिथे गाड्या एका लोखंडी पट्टीला टेकवून उभ्या करतात. पट्टी पुढे पडली की गाड्या सुटतात. १९७३ साली पहिल्या आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक दडवलेला सापडला. पट्टी पुढे पडताना गाडीलाही ओढून घ्यायची, एवढीच करामत. ती सुचवणारा त्याचा काका होता. विजेतेपद काढून घेऊन दुसऱ्या आलेल्या मुलाला दिलं गेलं. चौदा वर्षांच्या पोराच्या नावावर हे कायमचं लागलं, आणि ते लावलं घरच्याच मोठ्या माणसाने.

त्याच देशात त्याच्या कितीतरी आधी एक चांगली कल्पनाही निघाली होती. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावात डॉन मर्फी नावाचे गृहस्थ कब स्काउटचं, म्हणजे लहान मुलांच्या स्काउटचं, पथक चालवत. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा, मोठ्या शर्यतीत बसायला लहान. म्हणून १९५३ साली त्यांनी हातात मावेल एवढ्या लाकडी गाड्यांची शर्यत काढली. प्रत्येक मुलाला सारखंच सामान: पाइन लाकडाचा एक ठोकळा, चार चाकं, चार खिळे. त्यातून काय घडवायचं ते मुलाने ठरवायचं. वजनाची कमाल मर्यादा पाच औंस, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. ही शर्यत आजही तिथे गावोगाव होते. बापच गाडी घडवून देतो ही तक्रार तिथेही आहेच, म्हणून काही ठिकाणी मोठ्यांची शर्यत वेगळी ठेवतात. मला ही कल्पना फार पटली. ज्या बापाला हौस आहे त्याने स्वतःची गाडी स्वतःच्या नावाने उतरवावी. आमच्याकडे आता पालकांची शर्यत मुलांच्या नंतर होते आणि तिला गर्दीही चांगली असते.

आमच्या शर्यतीचं सामान इथलंच आहे. पॅकिंगच्या खोक्याची देवदाराची फळी, सात इंचांचा तुकडा. चाकं म्हणजे पाण्याच्या बाटलीची झाकणं. आस सायकलच्या तारेची, आणि ती फिरते शीतपेयाच्या नळीच्या तुकड्यात. नळी गाडीच्या पोटाला चिकटवायची. वजन वाढवायला वायसर आणि नट. मर्यादा दीडशे ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, सगळ्यांसमोर. ही पिशवी प्रत्येकाला सारखी मिळते आणि ती घरी जात नाही. गाडी मंडळाच्या मांडवातच बांधायची, दोन संध्याकाळी. गाड्या रात्री कपाटात, कपाटाची किल्ली माझ्याकडे. पालकांनी दोरीच्या पलीकडे बसायचं. करवत चालवणं आणि तापलेल्या खिळ्याने झाकणाला भोक पाडणं ही दोनच कामं आमचे मोठे कार्यकर्ते करतात. मात्र भोक कुठे पाडायचं याची खूण मुलानेच करून द्यायची.

त्या खुणेवरच अर्धी शर्यत ठरते. भोक केसभर जरी बाजूला गेलं तरी चाक लंगडतं. सातवीतल्या एका मुलीने ते कसं केलं ते सांगतो. तिने झाकण कागदावर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवली, गोल कापला, तो एकदा अर्ध्यात दुमडला, उघडला, पुन्हा दुसरीकडून अर्ध्यात दुमडला. दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. मग तो कागद झाकणात बसवून तिथे टाचणीने टोचलं. चारही झाकणांना वेगवेगळा कागद कापला, कारण एका झाकणाचा कागद दुसऱ्यात सैल बसत होता. मी बाजूला उभा होतो. आयटीआयला पहिल्या वर्षी आम्ही मध्य काढायला शिकवायचो ते अशाच पोरांना, फक्त वयाने मोठ्या. तिच्या आईला दोरीपलीकडून काही दिसत नव्हतं, ती सारखी विचारत होती, 'काय करतेय हो ती कागद कापत?'

वजन कुठे लावायचं यावर मुलांमध्ये दरवर्षी वाद होतो. लहान मुलं नाकाशी लावतात, गाडी पुढे ओढली जाईल म्हणून. खरं तर मागे लावलेलं बरं. गाडी उतारावर उभी असताना तिचा मागचा भाग उंचावर असतो, म्हणजे मागचं वजन जास्त उंचीवरून खाली येतं आणि सपाटीला लागेपर्यंत गाडीला थोडा जास्त वेग मिळतो. फार मागे नेलं तर नाक उचलतं आणि गाडी नीट चालत नाही. हे मी आधी सांगत नाही. दुसऱ्या संध्याकाळी सरावाच्या फेऱ्या ठेवतो, त्यात त्यांचं त्यांना कळतं. आसाला तेल कुणी लावायचं नाही, तेलाला धूळ धरते. शिसपेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून ती पूड नळीत टाकतात. हातोहात सगळ्यांची बोटं काळी होतात.

ट्रॅकचंही लिहितो, कारण मंडळं 'खर्च फार' म्हणून हात वर करतात. आठ बाय चार फुटांच्या, सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायचे लांबीत दोन भाग केले की दोन फूट रुंदीचे दोन तुकडे मिळतात. असे तीन तुकडे एकापुढे एक, चोवीस फूट झाले. दोन प्लाय आणावे लागतात, उरलेल्या तुकड्यावर मुलं काम करतात. सहा सहा इंचांच्या चार लेन आखायच्या आणि प्रत्येक लेनच्या मधोमध एक बारीक लाकडी पट्टी ठोकायची. गाडीची चाकं पट्टीच्या दोन्ही बाजूंनी धावतात, त्यामुळे गाडी दुसऱ्याच्या लेनमध्ये जात नाही. वरचं टोक अडीच फूट उंचीच्या टेबलावर. पातळ प्लाय असल्यामुळे उताराचा शेवट खालून आधार देऊन गोलाईत वाकवता येतो. तिथे कोन राहिला तर गाडीचं नाक आपटतं. सांध्यावर पुढचा तुकडा मागच्यापेक्षा कागदाच्या जाडीएवढा खाली ठेवावा. चाक खाली उतरलं तर चालतं, वर चढताना अडतं. सुरुवातीला बिजागरीवर एक फळी लावली की चारही गाड्या एकदम सुटतात. शेवटी एका पोराचा मोबाइल स्लो मोशनवर. आता भांडणं होत नाहीत, सगळे मोबाइलभोवती गोळा होऊन पुन्हा पुन्हा बघतात.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं ते. आपल्याकडे मुलांची कुठलीही शर्यत बाद पद्धतीने होते. चार जण पळतात, एक पुढे जातो, तिघं घरी. गाड्यांच्या शर्यतीत एक फेरी जेमतेम तीन-चार सेकंदांची असते. दोन संध्याकाळी कष्ट करून गाडी घडवायची आणि चार सेकंदांत सांगायचं की तू बाद. त्यानंतर ते मूल मांडवात खुर्च्या उलट्या करत बसतं, किंवा आईचा हात धरून निघून जातं. मी हे पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही. शिवाय लेन एकसारख्या नसतात, एखादी जराशी संथ निघतेच. ज्याच्या वाट्याला ती आली त्याचं नशीब, असं लहान मुलाला सांगायला जीभ रेटत नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक गाडी चारही लेनवर एकेकदा धावते. चार फेऱ्यांतले क्रमांक मिळवायचे, ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो पहिला. जी गाडी मध्येच थांबते तिचा क्रमांक ती किती पुढे पोचली यावर. लेन चार असल्या की जितकी मुलं तितक्याच फेऱ्या होतात. वीस मुलं, वीस फेऱ्या. तासाभरात सगळं उरकतं आणि शेवटच्या फेरीपर्यंत प्रत्येकाची आशा जिवंत राहते.

गटात तेरा मुलं असली तर गणित फारच सुंदर जमतं. मुलांना १ ते १३ क्रमांक द्या. पहिल्या फेरीत चार लेनवर अनुक्रमे १, २, ४ आणि १० उभे करा. पुढच्या फेरीत प्रत्येक आकड्यात एक मिळवा: २, ३, ५, ११. मग ३, ४, ६, १२. मग ४, ५, ७, १३. तेरानंतर पुन्हा एक येतो, म्हणून पाचवी फेरी ५, ६, ८, १. अशा तेरा फेऱ्या केल्या की प्रत्येक मूल प्रत्येक लेनवर एकदाच धावतं आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते, तीही बरोबर एकदा. कुणी म्हणू शकत नाही की मला त्याच्याशी खेळायलाच मिळालं नाही. मुलं जास्त असतील तर तेरा-तेराचे गट करावेत. मी हा तक्ता फळ्यावर लिहितो तेव्हा आठवी-नववीची मुलं स्वतःहून तपासायला बसतात. तीन आणि अकरा भेटले का? बारा आणि पाच? कोणत्या फेरीत? ही तपासणीही शर्यतीइतकीच रंगते.

पुलाच्या स्पर्धेला तर खर्चच नाही. आपल्या वर्तमानपत्राची रद्दी, दोरा आणि कणकेची खळ. दोन बाकांमध्ये हातभर अंतर, त्यावर पूल, मधोमध बादली टांगायची आणि पेल्याने वाळू घालत राहायची. बादली जमिनीपासून वीतभरच वर ठेवायची, म्हणजे पडली तरी कुणाच्या पायावर नाही. पूल तुटल्यावर बादलीचं वजन करून त्याला पुलाच्या वजनाने भागायचं. म्हणजे नुसती कागदाची थप्पी रचणारा पुढे जात नाही. कागद घट्ट गुंडाळून नळ्या करणाऱ्यांचे पूल टिकतात, आणि चौकोनांपेक्षा त्रिकोणांचे. चौकोन कलंडतो, त्रिकोण आपला आकार सोडत नाही. पूल तुटणारच असतो हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं, त्यामुळे रडारड नाही. तुटला की सगळी पोरं खाली वाकून बघतात, आधी कुठला सांधा गेला?

किल्ल्यांकडे पुन्हा येतो. ११ जुलै २०२५ रोजी आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग आणि इतर, त्यात तमिळनाडूतला जिंजीही आहे. आनंदच आहे. पण तेव्हापासून मोठ्या स्पर्धांत या बारांपैकीच काहीतरी करा असा सूर निघतोय, आणि रायगड-राजगडाच्या तयार प्रतिकृती विकायला आल्या आहेत. आमच्या कराडच्या मुलांना सदाशिवगड आणि वसंतगड डोळ्यांसमोर आहेत. ती तिथे चढून जातात, तटावरून हात फिरवतात, टाक्यात डोकावतात. त्यांनी तेच किल्ले करावेत असं मला मनापासून वाटतं. किल्ला स्पर्धेचं परीक्षण करणाऱ्यांना माझी विनंती आहे की गुण देण्याआधी पालकांना लांब बसवा आणि मुलांनाच प्रश्न विचारा. दरवाजा इथेच का ठेवला? वर येणाऱ्याला कुठून दिसतो? पाण्याची सोय कुठे? चोरवाट आहे का? ज्याने स्वतः माती लावली आहे तो तासभर बोलतो, त्याला थांबवावं लागतं. थर्माकोल, सिमेंट आणि विकतचा किल्ला यांना स्पर्धेत घेऊच नये. मावळे कुंभाराकडून आणायला हरकत नाही, तेवढाच त्यांच्या घरी दिवाळीला पैसा जातो.

बक्षिसांबद्दलही एक सुचवतो. ढाली आणि स्मृतिचिन्हं घरात धूळ खातात. त्याच पैशात एक छोटी कानस, पेचकस, मोजपट्टी, चांगली कात्री येते. आमच्याकडे गेली काही वर्षं अवजारंच देतो आणि सहभागी झालेल्या प्रत्येकाला काही ना काही देतो. पहिल्याला अवजार निवडण्याचा पहिला मान, इतकंच. एका मुलाने निवडलेल्या पेचकसाने घरातलं मिक्सर उघडलं म्हणून त्याची आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती. मिक्सर बसवायला मी त्याच्याबरोबर बसलो. पुढच्या वेळी प्लग काढल्याशिवाय हात लावणार नाही, हेही त्याच वेळी ठरलं.

आपल्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. स्पर्धांच्या बातम्यांत पाहुण्यांच्या नावांच्या यादीऐवजी मुलांनी काय आणि कशापासून बनवलं हे दोन ओळी तरी छापावं. आपण स्वतः ज्या स्पर्धा भरवता किंवा ज्यांना प्रायोजक असता, त्यांच्या नियमात 'जागेवर बांधणी' आणि 'बाद फेरी नाही' ही दोन वाक्यं घालावीत. आणि तेरा जणांचा तो तक्ता रविवारच्या मुलांच्या पानावर छापावा. मी पाचच फेऱ्या लिहिल्या आहेत. उरलेल्या आठ फेऱ्या मुलांनी भरायच्या म्हणून आठ ओळी कोऱ्या सोडाव्यात.

कळावे,

आपला नम्र वाचक,
निवृत्त शिल्पनिदेशक (जोडारी),
कराड, जि. सातारा